दोघांच्या नावावरची गाडी

इंजिन बंद होतं, तरी गाडी पुढे सरकत होती. तपासणी केंद्राची रांग टेकडीच्या उतारावर लागायची. पुढची गाडी हलली की हँडब्रेक सैल करायचा, गाडी आपली आपण थोडी घरंगळायची, की पुन्हा ब्रेक. आवाज म्हणून नाही. धुक्यात पुढच्या गाड्यांचे लाल दिवे तेवढे दिसत होते, तेही पाण्यात शाई सोडावी तसे पसरलेले.

स्टिअरिंगवर नर्स होती. शेजारी घड्याळजी. तीन वर्षांपूर्वीपर्यंत दोघं नवरा-बायको होते. वेगळं होताना त्यांनी भांडी वाटून घेतली, पुस्तकं वाटून घेतली, टेबलफॅन कुणाचा यावर एक अख्खी संध्याकाळ घालवली. गाडी मात्र दोघांच्या नावावर राहून गेली. ती नर्सच्या दारात उभी असायची, आणि वर्षातून एकदा, तपासणीच्या दिवशी, घड्याळजी तिच्यात येऊन बसायचा.

"वायपर नवे दिसतायत," तो म्हणाला.

"जुने खरवडायचे."

"चांगले आहेत."

"वायपरचं कौतुक करायला आलायस का?"

"छे. नियम आहे म्हणून आलोय."

हे म्हणताना त्याने खिडकीबाहेर पाहिलं. असा नियम नव्हता.

वेगळं झाल्यावर पहिल्याच वर्षी तिने फोन करून विचारलं होतं, तपासणी कधी करायची आणि कुठे? त्याच्या तोंडून भलतंच निघून गेलं. दोन मालक असले की दोघांना हजर राहावं लागतं. एवढ्या जुन्या गाड्या फक्त टेकडीवरच्या केंद्रातच घेतात. आणि जायचं ते मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात, आधी गेलं तर परत पाठवतात. खरं तर गाडी कुठल्याही केंद्रात चालली असती, महिनाभर आधीही चालली असती, आणि सही एकाची पुरली असती. पण शेवटच्या आठवड्यात टेकडीवर सगळ्यात लांब रांग लागते, हे त्याला ठाऊक होतं. गिऱ्हाइकाला घड्याळाबद्दल कधी खोटं न सांगणारा माणूस तो. हे एक खोटं मात्र त्याने दरवर्षी तेल घालून चालू ठेवलं होतं.

ते चाललंही, कारण इथला म्हातारा तपासनीस कुणाशी बोलायचाच नाही. दोन सह्या केल्या तर दोन घ्यायचा, चार केल्या असत्या तर चारही घेतल्या असत्या.

यंदा तो निवृत्त झाला होता. त्याच्या जागी आलेल्या माणसाचं तोंड बंद होत नव्हतं. हातात यंत्र घेऊन तो रांगेच्या कडेने वर चढत होता आणि प्रत्येक खिडकीशी थांबत होता. धुक्यातून तो दिसायच्या आधी त्याचा आवाज यायचा.

नर्स तिच्या वॉर्डातलं काहीतरी सांगत होती. एक आजोबा म्हणे झोपेत जिना चढतात, पाय हलवत राहतात, आणि सकाळी दमून उठतात. घड्याळजी ऐकत होता आणि त्याचेही डोळे जड होत होते. पुढच्या गाडीचे दिवे सरकले. नर्सने ब्रेक सैल केला. त्याला वाटलं, आपण जागच्या जागी आहोत आणि टेकडीच सावकाश आपल्या खालून मागे चढत चाललीय. असंच चालू राहिलं तर केंद्र कधी येणारच नाही. फार बरं होईल.

"आजी, तुम्ही कशाला आलात एवढ्या गारठ्यात?" पुढच्या गाडीपाशी तो आवाज म्हणाला. "एकटे आजोबा आले असते तरी चाललं असतं की!"

घड्याळजीने झटकन काच वर केली.

"काच का लावलीस?"

"थंडी वाजतेय."

"तुला? भर थंडीत गच्चीवर झोपणारा तू!" असं म्हणून तिने स्वतःच्या बाजूची काच पूर्ण खाली केली. धुकं आत आलं आणि दोघांच्या मध्ये गिअरवर येऊन बसल्यासारखं झालं.

आज हिला कळणार. ती चिडेल, नाहीतर हसेल, हसली तर जास्त वाईट. पुढच्या वर्षी ती एकटी जाईल, जवळच्या कुठल्यातरी केंद्रात, जेवणाच्या सुट्टीत. मग वर्षातला हा एक दिवसही उरणार नाही.

तपासनीस तिच्या खिडकीत वाकला.

"आम्ही दोघंही आहोत, साहेब," घड्याळजी पलीकडून जरा मोठ्यानेच म्हणाला. "दोघंही मालक. दोघांच्याही सह्या घ्या."

"असू द्या हो. एक पुरते."

घड्याळजी स्वतःच्या गुडघ्यांकडे बघू लागला. आता बोलायला हवं होतं, पण इतक्या वर्षांचं खोटं कुठल्या टोकाने उलगडायला घ्यावं ते त्याला सुचेना.

तपासनीसाने गाडीचा नंबर यंत्रात घातला. त्याच्या कपाळाला आठी पडली. बाहीने यंत्राची काच पुसून त्याने नंबर पुन्हा घातला.

"काहीतरी घोटाळा होतोय तुमचा," तो म्हणाला. "ह्या गाडीची तपासणी झालीय. गेल्याच महिन्यात, शहरात, हॉस्पिटलसमोरच्या केंद्रात. सही एकट्या बाईंची आहे."

घड्याळजीने मान वर केली. नर्स समोर बघत होती. तिचे कान लाल झाले होते.

"हो, माहीत आहे मला," ती तपासनीसाला म्हणाली. "रांगेत नुसतं बसून राहिलं तर चालतं का?"