रेवाचं हसू

"बाई, रेवा हसली हो! अंगणातलं मांजराचं पिल्लू बघून," सुगंधा सिस्टर धावत येऊन म्हणाली.

मुलांच्या मनाच्या डॉक्टर कुमुदबाई दचकल्या. बाहेर बेचाळीस आया मुलांना दुःखाची लस टोचून घ्यायला उभ्या होत्या. देवीच्या साथीत पाळायचे तसं दाराला कडुलिंब बांधून, घरातली फोडणी बंद ठेवून आल्या होत्या. टोचलेलं मूल तीन दिवस रडायचं, पण पुढे कुठल्याच दुःखाने कोसळायचं नाही. पूर्वी देवीची लस एका मुलाच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात जायची, तशीच ही लस सात वर्षांच्या रेवाच्या रक्तातून निघायची. तिची आई वारली होती. ते दुःख ताजं असेपर्यंतच लस लागू पडायची.

रेवा पिल्लू कवटाळून आत आली. "बाई, मी हिला पाळू?"

किती महिन्यांनी ती आपणहून बोलली होती.

"अहो बाई, आवरा की! लेकरं उन्हात करपली," बाहेरून कुणीतरी ओरडलं.

कुमुदबाईंनी पिल्लू सिस्टरकडे दिलं. मग रेवाला खुर्चीवर बसवलं, खणातून तिच्या आईची साडी काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

रेवाने ती नाकाशी धरली. सिस्टर पिल्लू बाहेर सोडून आली आणि स्पिरिटच्या बोळ्याने तिचा दंड पुसू लागली.