मामांनी काढलेली चिठ्ठी

बीकरमध्ये तीन चिठ्ठ्या होत्या, प्रयोगशाळेत समान गुणांच्या आम्ही तिघी आणि शिष्यवृत्ती एकच. प्राचार्यांनी डोळे मिटून चिठ्ठी काढली. नाव निघालं त्यांच्याच भाचीचं, राजसीचं.

"मामा, तुम्ही कशाला काढलीत?" ती रडकुंडीला आली. "आता जन्मभर टोमणे ऐकायचे."

"आजपासूनच सुरू करतो की," झुबेदा म्हणाली आणि हरलेल्या आम्ही दोघी खो-खो हसत सुटलो.

"हसताय काय?" राजसी उसळली. "माझी चिठ्ठी जाड कागदाची असेल, तर बोटांना कळतं. तिन्हींचं वजन करा. पन्नास मिलिग्रॅमचा फरक निघाला, तरी मी पुन्हा काढायला लावणार."

प्राचार्यांनी प्रयोगशाळेतला नाजूक तराजू पुढे ओढला आणि वाऱ्याने काटा हलू नये म्हणून पंखा बंद केला. हसून हसून झुबेदाला उचकी लागली, तिचा टेबलाला धक्का बसला. प्राचार्यांनी काटा पुन्हा शून्यावर आणला आणि एकेक चिठ्ठी तोलली. तिघींनी श्वास रोखला.

सर्वांत जास्त फरक निघाला तीन मिलिग्रॅम.