मुलाकडचं आधी

फोल्डर उघडलं आणि पडद्यावर फ्रिज आला. त्यामागोमाग कपाट, मग दिवाण, मग हार घातलेली मोटारसायकल. राजशेखरनं माउसचं चाक खाली फिरवलं, वर फिरवलं, पुन्हा खाली फिरवलं. नवरी कुठंच नव्हती.

टेबलापलीकडं नवरीचे आईबाप बसले होते. विरूपाक्षमामा आणि सिद्धम्मा, सकाळच्या एसटीनं देगलूरहून उदगीरला, त्याच्या फोटो स्टुडिओत आलेले. सोमवारी त्यांच्या लेकीचं, समीक्षाचं, पहिलं पुण्यस्मरण होतं. फ्रेम करायला तिचा एक फोटो पाहिजे होता. बाकी काही नको होतं.

"लग्नातला बघा अप्पा एखादा," विरूपाक्षमामा म्हणाले. "अल्बम तिच्या सासरी हाय. वरीसभर मागून राहिलो, देत न्हाईत. माती दिली तवा आधार कार्डावरचाच मोठा करून लावला. गावातले लोक ओळखंनात तिला."

खर्च मुलीच्या बापाचा आणि अल्बम मुलाच्या घरी, ही आपल्याकडची रीत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. वाटलं तरी मांडवात तोंड कोण उघडणार?

"झालं काय होतं पोरीला?" राजशेखरनं विचारलं. त्याला वेळ काढायचा होता.

"पोटात दुखलं म्हणतात."

"म्हणतात," सिद्धम्मा म्हणाली.

राजशेखरला आता सगळं आठवत होतं. मागच्या लग्नसराईच्या तोंडावर डिस्क गच्च भरली होती. प्रत्येक लग्नाची दोन फोल्डरं, एक मुलाकडचं, एक मुलीकडचं, आणि चांगले चांगले फोटो दोन्हीकडं तेच. जागा नुसती वाया. त्यानं एक व्हिडिओ बघून कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत हुकमाची एक ओळ लिहिली होती: दोन्ही फोल्डरं ताडून बघ, एकसारखी फाइल सापडली की पहिल्यातली ठेव, दुसऱ्यातली पूस, आणि मला विचारत बसू नको. नावं टाकताना त्यानं मुलाकडचं आधी टाकलं. का टाकलं, हा प्रश्नसुद्धा त्याला पडला नाही. कॉम्प्युटर बिचारा सांगकाम्या. त्यानं मुलीकडच्या फोल्डरातून मुलगी काढून टाकली.

मग उन्हाळ्यात जावयाचा चुलता आला. सून गेली, पोराचं दुसरीकडं जमवून राहिलो, जुनं काही ठेवू नका, म्हणाला. राजशेखरनं त्याच्या डोळ्यांदेखत मुलाकडचं फोल्डर पुसलं. तेव्हा मनात म्हणाला होता, मुलीकडं तर सगळं आहेच की. त्या जागेवर पुढं कितीतरी लग्नं येऊन बसली. आता खरवडूनही काही निघणार नव्हतं.

तरी त्यानं ती काळी खिडकी पुन्हा उघडली. कपाटातल्या जुन्या डिस्का एकेक करून लावल्या आणि समीक्षाचं नाव टाकून शोधलं. जुळ्या फाइली मारायला ज्या खिडकीत बसला होता, तिथंच आता एखादी जुळी चुकून वाचली असेल म्हणून डोळे लावून बसला. खाली रिकामी ओळ आली. प्रत्येक वेळी रिकामीच.

शेवटी त्यानं सांगून टाकलं. खोटं बोलता आलं असतं, व्हायरसवर ढकलता आलं असतं, पण सिद्धम्मा त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"दोन्हीकडं तेच फोटो होते मामा. मुलाकडचं आधी लिहिलं, म्हणून त्यांचे राहिले आणि तुमचे गेले. मग त्यांचेबी पुसले."

विरूपाक्षमामांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

"बराबर हाय. पत्रिकेत बी त्यायचंच नाव आधी राहातं. म्याच छापली व्हती."

"बराबर हाय काय?" सिद्धम्मा उसळली. "फ्रिज ठिवला, कपाट ठिवलं. पुसायला माझं लेकरूच घावलं का तुमाला?"

फ्रिजचे फोटो मुलाकडच्यांनी घेतले नव्हते. त्यांच्या घरी अख्खा फ्रिज होता. म्हणून त्या फोटोंना जोड नव्हती आणि म्हणून ते वाचले होते. राजशेखर खाली मान घालून उरलेले फोटो पुढं सरकवत राहिला.

मोटारसायकलीच्या पाचसहा फोटोंनंतर एक हललेला फोटो आला. जावई गाडीवर बसलेला, विरूपाक्षमामा वाकून त्याच्या हातात चावी देतायत. पाहुण्यांची गर्दी. उजव्या काठाशी कुणाचा तरी हात, कोपरापर्यंत हिरवा चुडा, बाकीचं माणूस चौकटीबाहेर.

सिद्धम्मा उठून टेबलाला वळसा घालून आली आणि तिनं पडद्यावर बोट ठेवलं.

"ही समीक्षा."

"जावयाला काढा यातून," विरूपाक्षमामा म्हणाले. "मलाबी काढा. तेवढा हात ऱ्हाऊ द्या."

राजशेखरनं कापलं, मोठं केलं, उजेड वाढवला. त्याला जेवढं येत होतं तेवढं सगळं केलं. प्रिंट निघाल्यावर पैशाचं नाव न काढता दोन्ही हातांनी पुढं केली.

सिद्धम्मानं ती घेतली, पदरानं पुसली आणि बराच वेळ उलटीसुलटी करून बघितली.

"सोमवारी पूजेला जंगम येतील, अप्पा," ती म्हणाली. "विभूती कुठं लावू?"