फुकटातलं लिनक्स

कोपरगावच्या एका ऑफिसाने भंगारात काढलेले कॉम्प्युटर मी सावेडीला घरी आणून उघडले, तर आत मेलेली झुरळं, उंदराच्या लेंड्या आणि कुणीतरी कोंबलेली गुटख्याची पुडी. शी! नाक दाबून सगळं साफ केलं, विंडोजच्या जागी जुन्या मशिनला झेपेल असं, बनवणाऱ्यांनीच सगळ्यांना फुकट वापरायला दिलेलं लिनक्स टाकलं. मशिनं पळायला लागली, तशी राजूरजवळच्या एका शाळेला देऊन आलो.

दिवाळीनंतर सहज डोकावलो. साधी एक फाईल उघडेपर्यंत पोरं जांभया देत होती.

"लिनक्स कुठं गेलं?" मी मुख्याध्यापक देठे सरांना विचारलं.

"काढून टाकलं. त्याचे पैसेच कुनी घेत न्हाई म्हनं! असला चोरीचा माल शाळेत कसा ठेवायचा, शामकांतराव? लेकरांवर काय संस्कार होनार? आमी बाजारातल्या दुकानातून, पैसे देऊन, ओरिजिनल विंडोज टाकून घेतलं."

त्यांनी अभिमानाने स्क्रीन माझ्याकडे वळवला. कोपऱ्यात इंग्रजीत लिहिलेलं होतं, 'विंडोजची ही प्रत अस्सल नाही.'



झुरळं निदान साफ तरी करता आली होती.