खुराड्याचा संगणक

"झाला का चालू?" नेरिडाने खुराड्याच्या दारातूनच विचारलं. आवाजात दम नव्हता.

"झालाय. फक्त आपण अजून फोनच आहोत असं त्याला वाटतंय," फर्गस म्हणाला.

शेजारचा फर्गस महिनाभर त्या टाकाऊ फोनच्या मागे लागला होता. कंपनीने घातलेलं कुलूप तोडलं, आतलं सगळं पुसून लिनक्स टाकलं, तारा काढून दाराच्या मोटरला जोडल्या. आता त्यावरून कुणाला फोन लागत नव्हता. पण उजाडलं की तो दार उघडणार होता, अंधारलं की कॅमेऱ्याने कोंबड्या मोजून बंद करणार होता, आणि वायफायवरून नेरिडाला निरोप धाडणार होता.

ब्रूनी बेटावर दार उघडं राहिलं की ठिपक्यांचा, मांजराएवढा क्वोल नावाचा शिकारी प्राणी येतो आणि सकाळी नुसती पिसं उरतात. नवरा गेल्यापासून नेरिडा रोज दोन्ही वेळा इथे हजर. ताप असो, नाताळ असो. आता होबार्टला बहिणीच्या खुब्याचं ऑपरेशन होतं. बहिणीचे दोन नवरे झाले होते, पण हाताशी एकही नव्हता.

"चार दिवस तूच का नाही रे दार लावत? दोन मिनिटांचं काम."

तिने त्याला गारगोटीने चूल पेटवायला सांगितल्यासारखं फर्गसने पाहिलं. "जे काम रोज करावं लागतं ते माणसाने करायचंच नसतं, नेरिडा. मी तर मेलो तरी करणार नाही."

"आणि ह्यात महिना गेला तो?"

"तो एकदाच गेला ना!"

वाद घालायचंही त्राण तिच्यात नव्हतं. तिने फेरी बोट पकडली.

पहिल्याच संध्याकाळी हॉस्पिटलच्या बाकावर तिचा फोन थरथरला. 'दार बंद. सगळ्या आत.' तिने तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला आणि बसल्या जागी झोपली. किती वर्षांनी, तिलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी आला, 'दार बंद. डचेस नखरे करत होती, आली शेवटी.'

"भलतंच हुशार यंत्र आहे गं, कोंबडीला नावानिशी ओळखतं," तिने बहिणीला दाखवलं.

"माझ्या दोन्ही नवऱ्यांपेक्षा," बहीण म्हणाली.

बहिणीला एक दिवस आधीच घरी सोडलं. तिने नेरिडालाही हाकललं, "जा, तुझा अर्धा जीव तिकडेच आहे." नेरिडा कुणाला न कळवता निघाली आणि दिवस मावळताना कुंपणाशी पोचली. पाऊस लागला होता.

खांबावरचा जुना फोन पुरीसारखा टम्म फुगून बंद पडला होता. खाली उपड्या बादलीवर रेनकोट घातलेला फर्गस बसला होता, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला, काखेत डचेस. उठून त्याने तिला आत ढकललं, कडी लावली, ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. मग हात पँटला पुसून स्वतःचा फोन काढला आणि एका अंगठ्याने काहीतरी टाइप केलं.

नेरिडाचा खिसा थरथरला.

'दार बंद. सगळ्या आत. यंत्राला कसलाच त्रास नाही, सावकाश ये.'