पाकिटाची तारीख

यंत्रातून प्लास्टिकचा पाइप पुन्हा बारीक यायला लागला. थ्येनफूने उष्णता आणखी वाढवली. पाइप क्षणभर जाड झाला आणि परत खपाटीला गेला.

"अहो, बंद करा आता! जळका वास येतोय," त्याची बायको श्यूल्येन ओरडली.

"बंद करून काय करू? संध्याकाळी टेम्पो येणार. माल गेला नाही तर हे शेवटचं गिऱ्हाईकही गेलं. मग बसू दोघं माशा मारत!"

तेवढ्यात आत कडाड् झालं. मोटर गरगरत राहिली, पाइप थांबला.

वितळलेलं प्लास्टिक पुढे ढकलणारा स्क्रू दोघांनी ओढून काढला, तर अर्धाच बाहेर आला. आटे झिजून पार सपाट. दहा वर्षं चालायची वस्तू, दोन वर्षांत खलास! नवा यायला दीड महिना.

श्यूल्येनने वर पाहिलं. यंत्रावर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट होतं. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून तायवानात सगळेच ठेवतात. पाकीट हिरवंच हवं, तारखेतलं हवं, आणि यंत्र चालतंय तोवर फोडायचं नाही. तिने तारीख वाचली. गेल्याच महिन्यात उलटली होती.

"मेले मी! माझ्यामुळे झालं हे. बघितलंच नाही हो मी!" तिने कपाळ बडवून घेतलं.

खोटं कशाला बोला, थ्येनफूला बरंच वाटलं.

ती धावत कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि धापा टाकत नवं पाकीट घेऊन आली. तारीख दोनदा वाचून तिने ते यंत्रावर ठेवलं, हात जोडले.

"चुकले रे बाबा. आजच्या दिवस तेवढा चाल. तुझ्या पाया पडते."

तुटका स्क्रू तिच्या पायाशीच पडला होता. थ्येनफूला बघवेना.

"पुरे गं. पाकिटाचा काही दोष नाही. प्लास्टिक वाचावं म्हणून मी खडूची भुकटी घालत होतो. चालते त्याच्या तिप्पट. तिनेच स्क्रू खाल्ला."

"कधीपासून?"

"नवा बसवला तेव्हापासून."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने पाकीट खाली घेतलं आणि टर्रकन फाडलं.

"अगं, अगं, फोडू नकोस!"

तिने एक कुरकुरा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि पाकीट त्याच्यापुढे धरलं.

"घ्या," ती म्हणाली. "ताजं आहे."