उडीचा नियम

"तुयं जहाज गेलं मांगं. हाल तिथून," म्हणत रहमतचाचांनी निकिताची सरकी उचलली आणि तिथे आपला खडा ठेवला.

नेरच्या कापूस खरेदी केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग लागली होती. बबनरावांच्या गाडीच्या सावलीत त्यांची मुलगी निकिता आणि मागच्या गाडीचे रहमतचाचा पुठ्ठ्यावर तारे मांडून बसले होते. बी.एस्सी.ला शिकणारी निकिता अंतराळयुद्धाचा खेळ रचत होती. जहाजांना प्रकाशाहून वेगानं न्यायचं होतं. नुसता वेग वाढवणं भौतिकशास्त्रात बसत नव्हतं, म्हणून तिनं प्रत्येक ताऱ्याजवळ एक दार ठेवलं. दार क्षणभरच उघडतं. एकच जहाज उडी मारून पार होतं. त्या वेळी ज्याच्याकडे इंधन नसेल, त्याची जागा मागच्यानं घ्यायची.

"लय कठोर नियम केला तू," चाचा म्हणाले.

"निसर्ग तसाच असते, चाचा. दार कोणासाठी थांबत नाई."

"मंग बरं हाये. मीच जितून राह्यलो."

तेवढ्यात निकिताचा भाऊ अंकुर मोटारसायकलवर आला. समोर चहा पीत उभे असलेले बबनराव त्याचा चेहरा पाहूनच धावत आले.

"आई विहिरीच्या पायऱ्यावरून पडली. शुद्धीवर नाई. यवतमाळले नेलं. चला, बाबा."

बबनरावांनी गाडीकडे पाहिलं. वर्षाचा सगळा कापूस तिच्यात होता. बैल चाऱ्यासाठी कालच घरी पाठवले होते, ते अंकुर आज घेऊन येणार होता. केंद्र आज संध्याकाळी बंद होणार होतं, पुन्हा कधी उघडेल ते कोणी सांगत नव्हतं. आणि रांग हलली की न हलणारी गाडी बाद.

"तुमी जा, बाबा. गाडीचं मी पाह्यते," निकिता म्हणाली. कसं पाहणार, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

ते दोघं दिसेनासे झाले आणि थोड्याच वेळात फाटक उघडलं. पुढची गाडी आत गेली. निकितानं दोन्ही हातांनी जू धरून ओढलं. चाक हललंही नाही.

"हाला ना बे! झोपले का?" मागून ओरडा झाला.

रहमतचाचा उठले. त्यांनी आपल्या बैलांचे दोर सोडले. निकितानं जू खाली ठेवलं आणि त्यांच्या गाडीला वाट मिळावी म्हणून ती बाजूला झाली. त्यांचा राग करायला तिच्याकडे कारण नव्हतं. त्यांच्या जागी कोणीही हेच केलं असतं.

चाचांनी बैल आणले आणि बबनरावांच्या गाडीला जुंपले.

"चाचा, तुमची गाडी?"

"बोलू नको. बैलाच्या मोऱ्हं चाल."

गाडी फाटकातून आत गेली. मग निकितानं मागे वळून पाहिलं. चाचांची गाडी बैलांवाचून उभी होती. तिच्या पुढची जागा रिकामी होती, फाटक सताड उघडं होतं. तिच्या मागे बैल जुंपलेल्या गाड्या होत्या, कासरे हातात धरलेली माणसं होती. आता कोणी ओरडत नव्हतं.

रहमतचाचा बैल घेऊन परत जाईपर्यंत त्यातली एकही गाडी पुढे आली नाही.